प्रकल्प नोंदी: ठाणे खाडीच्या पानांवर रंग जुळवताना

काम: ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांवरची वेबसाइटची माहितीपानं. त्यात हेडर, फोटोंच्या जोड्या, पार्श्वभूमी कापलेली पक्ष्यांची चित्रं, पट्ट्या, बटणं आणि बोधचिन्ह.
साधनं: गिम्प २.१० (फोटोंसाठी), इन्कस्केप (रेषांच्या चित्रांसाठी), एक्झिफटूल (फोटोतली नोंद वाचायला).
रंग सगळीकडे लाल-हिरवा-निळा याच क्रमाने आणि ० ते २५५ या आकड्यांत लिहिले आहेत.

५ जानेवारी

फोटो ऐरोली आणि नेरूळच्या पक्षीनिरीक्षकांकडून येत आहेत. पहिला गठ्ठा व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, तो कामाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान होते आणि तिची एक्झिफ माहितीही (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली नोंद) जाते. अशी फाइल बघायला ठीक असते. रंग मोजायला घेतली की एकाच पिसावर शेजारशेजारचे पिक्सेल वेगवेगळे आकडे दाखवतात. सगळ्यांना कळवलं आहे: मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका.

रंगांचं धोरण आजच ठरवून टाकलं. पान फोटोप्रमाणे बदलेल, फोटो पानाप्रमाणे बदलणार नाही. मोठा रोहित अंगाने जवळजवळ पांढरा असतो, त्यावर फिकट गुलाबी झाक असते आणि चोच गुलाबी, टोकाला काळी असते. छोटा रोहित जास्त गुलाबी, त्याची चोच गडद किरमिजी. वयात न आलेले पक्षी करडे-तपकिरी दिसतात. ही गुलाबी अन्नातल्या कॅरोटिनॉइडमधून येते, जन्मतः नसते. म्हणजे रंग हीच इथे माहिती आहे. बटणाशी मेळ बसावा म्हणून मोठ्या रोहिताचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं, तर पान बघून पक्षी ओळखणाऱ्याला आपण चुकीचं शिकवलं. दुरुस्ती फक्त उजेडाची करायची, पक्ष्याची नाही.

८ जानेवारी

मूळ फाइली आल्या. काही फोटोंतले पक्षी ब्राउझरमध्ये मळकट दिसतात, तेच फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर चांगले दिसत होते असं पाठवणाऱ्यांचं म्हणणं आहे. त्या फाइलींची नावं अधोरेषेने सुरू होतात. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर (जास्त रंग मावणाऱ्या मोजमापावर) ठेवला असेल तर नावाच्या सुरुवातीला ही अधोरेषा येते, कारण कॅमेऱ्यांच्या फाइलींच्या नावाचा नियमच तसा आहे. एक्झिफमध्ये कलर स्पेसच्या पुढे 'अनकॅलिब्रेटेड' असं दिसतं. पुष्कळ कॅमेरे फाइलमध्ये प्रोफाइल (आकडे कोणत्या मोजमापाचे ते सांगणारी नोंद) घालतच नाहीत, एवढी खूण ठेवतात. ब्राउझर ती खूण वाचत नाही आणि आकडे एसआरजीबीचेच, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या मोजमापाचेच आहेत असं समजतो.

फरक किती पडतो ते हिशोबाने काढलं. एसआरजीबीत २१४-९२-९८ असलेली गुलाबी अ‍ॅडोबी आरजीबीत १८८-९२-९८ अशी साठवली जाते. हिरवा, निळा जवळपास तेच, फक्त लाल २६ पायऱ्या खाली. हेच आकडे एसआरजीबी म्हणून वाचले की गुलाबीतला लाल मार खातो. खाडीचं पाणी आणि गाळ मात्र फारसे बदलत नाहीत. म्हणून फोटो एकंदरीत ठीक वाटतो आणि पक्षी तेवढा आजारी दिसतो. अशा वेळी सॅच्युरेशनचा स्लायडर ओढायचा मोह होतो, पण तो उपाय नाही.

उपाय: गिम्पमध्ये फाइल उघडून इमेज → कलर मॅनेजमेंट इथे आधी प्रोफाइल कोणतं दिसतं ते बघायचं. अ‍ॅडोबी आरजीबी दिसत असेल तर सरळ 'कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल' करून एसआरजीबी निवडायचं. प्रोफाइल दिसत नसेल पण एक्झिफमध्ये खूण असेल, तर आधी 'असाइन' करून अ‍ॅडोबी आरजीबी लावायचं, मग 'कन्व्हर्ट' करायचं. असाइन आकड्यांना हात लावत नाही, त्यांचा अर्थ बदलतो. कन्व्हर्ट आकडे बदलतो आणि दिसणं टिकवतो. ही दोन उलटसुलट झाली तर रंग दुप्पट बिघडतो आणि पुढे कुठे काय झालं ते सापडत नाही.

एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळच्या काचेच्या नळीच्या (सीआरटी) मॉनिटरवर बेतून मांडलं. वेबवर प्रोफाइल नसलेला रंग आजही त्याच मोजमापाने वाचला जातो. त्यामुळे सगळं शेवटी तिथे आणण्याला पर्याय नाही.

१० जानेवारी

पानाच्या पार्श्वभूमीचा रंग ठरवला. हेडरला पहाटेचा ऐरोलीचा फोटो आहे: ओहोटी, गाळावर थवा, वर फिकट गुलाबी आकाश. आकाशाचा खालचा पट्टा जिथे संपतो तोच रंग पानाला द्यायचा, म्हणजे फोटो पानात विरून जाईल.

कलर पिकर घेताना 'सॅम्पल अ‍ॅव्हरेज' चालू ठेवून त्रिज्या वाढवली. एका पिक्सेलवर टिचकी मारून घेतलेला रंग हा त्या पिक्सेलच्या नॉइजचा (कॅमेऱ्यातून येणाऱ्या दाणेदारपणाचा) रंग असतो. एकाच आकाशात बोट जरा हललं की लालचा आकडा चार-पाचने इकडेतिकडे होतो. सरासरी आली २४३-२१७-२११. सीएसएसमध्ये (पानाचे रंग आणि मांडणी जिथे लिहितात तिथे) हाच आकडा टाकला.

फोटोच्या खाली याच रंगाचा भरीव पट्टा जोडून जेपेग काढलं आणि पानावर ठेवलं. सांधा दिसतो. पुसट आहे, पण सरळ रेषा असल्यामुळे डोळ्याला लगेच सापडतो. निर्यात झालेली फाइल पुन्हा उघडून मोजली तर भरीव भाग २४२-२१७-२१२ निघाला.

कारण जेपेगच्या रचनेत आहे. जेपेग लाल-हिरवा-निळा साठवत नाही. एक उजळपणा आणि दोन रंगफरक असे तीन आकडे काढून ते पूर्णांकात बसवतं. आपल्या रंगाचे ते आकडे २२४.०९, १२०.६१ आणि १४१.४९ येतात. पूर्णांक झाले २२४, १२१, १४१. तिथून परत फिरलं की २४२-२१७-२१२. दर्जा १०० वर नेला तरी हे टळत नाही, कारण घट पूर्णांक करतानाच झालेली असते. दर्जा उतरवला की आणखी भर पडते: ६० वर हाच रंग २४१-२१८-२१२ होतो.

तोडगा साधा आहे आणि तो पुढेही सगळीकडे वापरावा. पानाचाच रंग २४२-२१७-२१२ करून टाकला. हा रंग जेपेगमधून गेला तरी पुन्हा २४२-२१७-२१२ म्हणूनच बाहेर येतो, कारण त्याचे तीन आकडेही २२४, १२१, १४१ याच पूर्णांकांवर बसतात. गिम्पच्या ८५ आणि ९० या दोन्ही दर्जांना हे टिकतं. आकाशाच्या सरासरीपासून हा रंग एका पायरीने दूर आहे, ते कोणाच्याही नजरेला येणार नाही. सांधा मात्र पूर्ण गेला.

नियम म्हणून लिहून ठेवतो: जेपेगशी जुळवायचा रंग आधी जेपेगमधून काढून घ्यायचा, मग सीएसएसमध्ये लिहायचा. मूळ फाइलमधून घेतलेला आकडा लिहायचा नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरने निर्यात केली तर तपासणी नव्याने करायची, कारण प्रत्येकाची दाबण्याची कोष्टकं वेगळी असतात आणि एकाचा ८५ दुसऱ्याच्या ८५ सारखा नसतो.

१२ जानेवारी

हेडरचं विरणं फोटोत न भाजता सीएसएसमध्ये घेतलं. फोटोवर वरून खाली जाणारा लिनिअर ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग). वर पूर्ण पारदर्शक, खाली पूर्ण पानाचा रंग. यात खालच्या कडेला जे दिसतं ते सीएसएसच असतं, त्यामुळे कोणी उद्या फोटो बदलून वेगळ्या दर्जाचा टाकला तरी सांधा येणार नाही.

दोन बारकावे. पारदर्शक टोकाला 'ट्रान्सपरंट' हा शब्द लिहायचा नाही, पानाचाच रंग अल्फा (अपारदर्शकता) ० देऊन लिहायचा. तो शब्द म्हणजे मुळात पारदर्शक काळा, आणि जुन्या सफारीत मधल्या पट्ट्याला राखाडी झाक येते. दुसरं, पूर्ण रंग १०० टक्क्यांवर न ठेवता ९६ टक्क्यांवरच आणायचा. विंडोजवर स्क्रीन १२५ टक्के मोठी करून ठेवलेली असते तेव्हा फोटोची शेवटची ओळ अर्ध्या पिक्सेलवर पडते आणि केसाएवढी रेघ उरते. शेवटचे काही पिक्सेल आधीच झाकलेले असले की ती रेघ दिसत नाही.

आकाशात पट्टे दिसत होते. ४०० पिक्सेल उंचीत रंग जेमतेम १३ पायऱ्या बदलतो, म्हणजे एकेक पायरी सुमारे ३० पिक्सेल रुंद, आणि ती डोळ्याला पट्टा म्हणून कळते. आकाशाच्या भागाची निवड करून अगदी हलका आरजीबी नॉइज दिला. गिम्पच्या ग्रेडियंट टूलमधली डिदरिंगची (पट्ट्यांच्या सीमा ठिपक्यांनी मोडण्याची) खूणही चालू ठेवली. फाइल थोडी वाढली, ते चालेल.

१३ जानेवारी

जवळून काढलेल्या फोटोत छोट्या रोहिताचे पाय राखाडी झाले. मूळ फाइलमध्ये लालसर आहेत. पानाच्या मापाला फोटो लहान केल्यावर पाय दीड-दोन पिक्सेल रुंद उरतात, आणि जेपेग ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी होते. उजळपणा टिकतो, रंग शेजारच्या हिरवट पाण्यात मिसळतो. निर्यातीच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४ (रंगाची माहिती पूर्ण) केलं, पाय परत आले.

वेबपी या दुसऱ्या फाइल-प्रकाराबद्दल विचारणा झाली होती. साधं, म्हणजे घट होणारं वेबपी नेहमी ४:२:० असतं, तिथे ४:४:४ ची सोय नाही. दूरच्या थव्याच्या फोटोंना वेबपी चालेल. पाय आणि चोच ओळखीसाठी महत्त्वाचे असतील तिथे जेपेगच ठेवू.

१५ जानेवारी

बटणांच्या आणि पट्ट्यांच्या पीएनजी. पीएनजीत रंग घटत नाही, म्हणून इथे आकडे तंतोतंत जुळायला हवेत, आणि फाइलमध्ये जुळलेलेच आहेत. तरी एका मोठ्या गॅमटच्या (जास्त रंग दाखवणाऱ्या) मॉनिटरवर फायरफॉक्समध्ये बटणाची पीएनजी आणि शेजारचा सीएसएस रंग वेगळे दिसतात.

फाइलमध्ये प्रोफाइल घातलेलं होतं. प्रोफाइल असलेली प्रतिमा ब्राउझर मॉनिटरप्रमाणे रूपांतरित करून दाखवतो. तिथल्या फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सीएसएसचा रंग मात्र तसाच सरळ पडद्यावर जातो. दोघांचे आकडे एक, वाटा दोन. गॅमाची (उजळपणाच्या चढणीची) नोंद फाइलमध्ये असली तरी असाच घोळ होतो, जुन्या ब्राउझरांत तर फारच.

म्हणून विभागणी केली. सीएसएसशी जुळायचं असलेलं भरीव ग्राफिक: निर्यात करताना 'सेव्ह गॅमा' आणि 'सेव्ह कलर प्रोफाइल' दोन्ही बंद, म्हणजे ते सीएसएसच्याच वाटेने जातं. फोटो: एसआरजीबीत रूपांतर करून प्रोफाइल आत ठेवायचं, कारण फोटोला शेजारच्या रंगाशी जुळण्यापेक्षा स्वतः बरोबर दिसणं जास्त गरजेचं आहे. खरं तर भरीव बटणाला पीएनजी लागतच नाही. सीएसएसने होतील ती सगळी बटणं सीएसएसवर हलवली. प्रतिमा जितक्या कमी, तितके जुळवायचे रंग कमी.

१९ जानेवारी

कापलेल्या पक्ष्यांची चित्रं. यात सर्वांत जास्त वेळ जाणार हे दिसतंच होतं.

आलेली चित्रं पांढऱ्यावर कापलेली आहेत. गुलाबी पानावर ठेवली की मानेभोवती आणि पायांभोवती पांढरी कड उमटते. कडेचा पिक्सेल कधीच पूर्ण पक्ष्याचा नसतो. निम्मा पक्षी, निम्मी पार्श्वभूमी असं मिश्रण असतो. पांढऱ्यावर कापताना ते पांढरं त्या पिक्सेलच्या रंगातच मुरतं, नंतर पार्श्वभूमी पुसली तरी जात नाही.

निवड एक पिक्सेलने आत घेणं हा नेहमीचा उपाय. अंगाला तो लागू पडतो. पायाला नाही: दोन पिक्सेलच्या पायातून दोन्ही बाजूंनी एकेक गेला की पायच उरत नाही. म्हणून मूळ फोटोंवर परत गेलो आणि असं केलं.

पक्ष्याच्या लेअरखाली पानाच्या रंगाचा, २४२-२१७-२१२ चा, भरीव लेअर ठेवला, म्हणजे काम करतानाच खरी पार्श्वभूमी दिसते. पक्ष्याभोवती पाथने निवड करून लेअर मास्क (न खोडता झाकणारा पडदा) लावला. इरेझर वापरायचा नाही, कारण खोडलेलं परत आणता येत नाही. अंगाच्या भागात निवड १ पिक्सेल आत आणि अर्धा पिक्सेल फेदर (कड मऊ करणं). पाय, चोच आणि सुटी पिसं यांना वेगळं घेतलं: मागच्या आकाशाचा रंग सरासरीने मोजला, कडेपुरती दोन पिक्सेलची 'बॉर्डर' निवड केली आणि तेवढ्यावर 'कलर टू अल्फा' चालवून तो मोजलेला रंग दिला. मिश्रणातला आकाशाचा वाटा निघून जातो, पायाचा रंग आणि त्याची अर्धपारदर्शकता शिल्लक राहते. ही क्रिया पूर्ण पक्ष्यावर चालवायची नाही. पहाटेचं आकाश आणि मोठ्या रोहिताची पाठ यांचे रंग इतके जवळ आहेत की पाठीलाच भोकं पडतात.

गाळावर उभ्या पक्ष्यांना हे नीट जमत नाही, कारण पायामागचा रंग दर इंचाला बदलतो. त्यांचे पाय हाताने रंगवण्यापेक्षा ते फोटो न कापता चौकटीतच ठेवलेले बरे. तसं कळवलं.

२३ जानेवारी

हेडरवरची अर्धपारदर्शक पट्टी. मजकूर: अभयारण्याची घोषणा २०१५, रामसर यादीत समावेश २०२२. पट्टीचा रंग गडद किरमिजी १५०-४०-५२, पारदर्शकता ५० टक्के.

गिम्पमध्ये आखलेला नमुना सगळ्यांना पसंत पडला. सीएसएसमध्ये तेच ५० टक्के दिल्यावर पट्टी बरीच गडद आली. पानाच्या रंगावर गिम्पमध्ये २०३-१६१-१५९ दिसते, ब्राउझरमध्ये १९६-१२९-१३२. हिरव्यातच ३२ पायऱ्यांचा फरक, म्हणजे डोळ्याचा भास नव्हे.

गिम्प २.१० चा 'नॉर्मल' मोड दोन रंग मिसळताना प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात, लिनिअर मोजमापात मिसळतो. ब्राउझर साठवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढतो. पांढऱ्यावर ५० टक्के काळा टाकून हे चटकन पडताळता येतं: ब्राउझर १२८ देतो, गिम्प १८८. कोणतं शास्त्रशुद्ध हा प्रश्न इथे गौण आहे, वाचकाला ब्राउझरचंच दिसणार.

लेअरवर उजवी टिचकी → ब्लेंड स्पेस → आरजीबी परसेप्चुअल. वेबसाठीच्या प्रत्येक नमुना-फाइलमध्ये अर्धपारदर्शक लेअरला हे आधी लावायचं, नाहीतर पसंती एका रंगाला मिळते आणि पानावर दुसरा जातो. पसंत पडलेली पट्टी फिकट होती, म्हणून सीएसएसमध्ये टक्केवारी उतरवून बघितली. हुबेहूब जुळत नाही, तिन्ही आकडे एकाच टक्केवारीला बसत नाहीत. शेवटी पट्टी भरीव केली. त्यावरचा पांढरा मजकूरही जास्त नीट वाचता येतो.

२७ जानेवारी

फोटोंच्या जोड्या. एकाच काठावरून सकाळी आणि दुपारी घेतलेले दोन फोटो शेजारी लागतात. सकाळचा पिवळट, दुपारचा थंड. दोघांत उजेड सारखा वाटला पाहिजे, नाहीतर वाचक दोन जातींचे पक्षी समजेल.

संदर्भ म्हणून दोन्हीत असलेली न बदलणारी वस्तू हवी. गाळ सगळीकडे आहे, पण ओला गाळ आरशासारखा आकाशाचा रंग घेतो. त्यावरून मोजलं तर आपण गाळ नाही, आकाश मोजतो. पाण्याच्या रेषेवरचा, भेगा पडलेला कोरडा गाळ घेतला, सावलीबाहेरचा. दुपारच्या फोटोत सरासरी ११८-११२-१०४, सकाळच्या फोटोत १३१-११३-९२.

सकाळच्या फोटोवर कर्व्ह्ज (रंगाचा जुना आकडा नव्यावर नेणारं साधन): लालमध्ये १३१ चा बिंदू ११८ वर, हिरव्यात ११३ चा ११२ वर, निळ्यात ९२ चा १०४ वर. ० आणि २५५ ही टोकं जागच्या जागी. मग दोन ठिकाणी पडताळा. पंखांच्या कडेची काळी पिसं काळीच राहायला हवीत. निळी झाक आली तर निळ्याच्या कर्व्हमध्ये खाली आणखी एक बिंदू देऊन ती दाबायची. मोठ्या रोहिताची पाठ पांढऱ्याच्या जवळ राहायला हवी, तिन्ही आकडे एकमेकांपासून फार दूर नकोत.

यानंतर सकाळचा फोटो अगदी दुपारसारखा झाला आणि पहाटेचा जिव्हाळा गेला. म्हणून दुरुस्तीच्या लेअरची अपारदर्शकता ६० टक्क्यांवर आणली. जोडी म्हणून खटकत नाही आणि सकाळ सकाळच वाटते. हा आकडा डोळ्याने ठरवला आहे, प्रत्येक जोडीला वेगळा लागेल.

हिस्टोग्राम (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) बघताना एकत्रित आलेखावर विसंबायचं नाही, लाल चॅनल वेगळा उघडायचा. गुलाबी पक्ष्यात लाल सर्वांत आधी २५५ ला टेकतो. एकत्रित आलेख निर्धास्त दिसत असतो आणि तिकडे मानेवरच्या पिसांच्या रेषा एका सपाट डागात गेलेल्या असतात. थव्याच्या एका फोटोत तसंच आहे. तो मूळ छायाचित्रातच जळलेला आहे, म्हणून फक्त लहान आकारात वापरू.

३० जानेवारी

अक्षरांचे रंग. छोट्या रोहिताच्या पंखावरून घेतलेली गुलाबी, २१४-९२-९८, मथळ्यांना द्यावी असा आग्रह आहे. पानाच्या रंगावर तिचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) २.८१ येतं. सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ लागतं, म्हणजे दोन्हीकडे नापास. मथळ्यांना १५०-४०-५२ दिला, त्याचं गुणोत्तर ५.९१. गुलाबी रेघा, ठिपके अशा केवळ सजावटीच्या जागी राहील. बटणावर पांढऱ्या अक्षरांमागे ती ठेवली तर ३.७७, म्हणून तिथेही किरमिजीच.

तिवरांच्या हिरव्या पट्टीवर हीच गुलाबी जास्त लाल भासते आणि गुलाबी पानावर फिक्की. आकडे एकच आहेत, शेजार वेगळा आहे. दोन्हीकडे 'सारखी दिसावी' म्हणून आकडे बदलायची सूचना आली. बदलणार नाही, कारण मग पुढच्या माणसाला खरी गुलाबी कोणती ते कळणार नाही.

३ फेब्रुवारी

बोधचिन्ह फ्लेक्स छापणाऱ्याकडून आलं, सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या आकड्यांतलं) जेपेग. छपाईचं कोणतं प्रोफाइल धरलं होतं याची नोंद फाइलमध्ये नाही, त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअर ते आपापल्या अंदाजाने उघडतं आणि किरमिजी दर वेळी वेगळा येतो. अशा फाइलवरून रंग मोजण्यात अर्थ नाही. इन्कस्केपमध्ये आकार नव्याने काढून एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपातली फाइल) केलं, भरणाचा रंग १५०-४०-५२ हाताने लिहिला. फ्लेक्सवाल्याला उलट आपली एसव्हीजी पाठवायची, म्हणजे छापील आणि पडद्यावरचा एकाच उगमातून येतील.

५ फेब्रुवारी

डार्क मोड. पार्श्वभूमी ३८-२६-२९ घेतली होती. इथे मथळा किरमिजीऐवजी गुलाबी आहे, तो तिच्यावर ४.४६ वर अडकतो, ४.५ ला थोडक्यात कमी. पार्श्वभूमी ३४-२३-२६ केली, ४.६२ झालं. डोळ्याला फरक नाही, निकष मात्र पूर्ण.

१९ जानेवारीला कडा नीट काढल्याचं फळ इथे मिळतं. पानाच्या रंगावर बेतून सपाट केलेली कड गडद पार्श्वभूमीवर उजळ रेघ म्हणून उठते. खरी अल्फा असलेली चित्रं दोन्हीकडे स्वच्छ बसली. दोन जुनी चित्रं अजून पांढऱ्या कडेची आहेत, ती मूळ फोटो येईपर्यंत डार्क मोडमध्ये लपवली.

९ फेब्रुवारी

उपकरणांवर तपासणी. आधी मॉनिटर आणि फोनमधला नाइट लाइट, ट्रू टोन, 'आय कम्फर्ट' असलं सगळं बंद. मॉनिटर एसआरजीबी मोडवर. हे न करता कोणी 'रंग पिवळा दिसतो' असं कळवलं तर आधी तेच विचारायचं.

मॅकवर स्क्रीनशॉट काढून त्यातून रंग मोजायचा नाही. त्या स्क्रीनशॉटमध्ये मॉनिटरचं प्रोफाइल बसतं आणि आकडे पानाचे राहत नाहीत. मोजायचं ते निर्यात झालेल्या फाइलमधून, किंवा त्या स्क्रीनशॉटला आधी एसआरजीबीत रूपांतरित करून.

हेडरचा सांधा, पट्टीची कड, पक्ष्यांचे पाय या तीन जागा प्रत्येक उपकरणावर २०० टक्के झूम करून बघितल्या. सांधा कुठेही नाही. एका स्वस्त फोनवर पाय पुन्हा राखाडी आले: तिथे छोट्या पडद्यासाठीची वेगळी फाइल जाते आणि ती सर्व्हरवर आपोआप लहान होताना ४:२:० मध्ये दाबली जाते. जवळच्या फोटोंपुरतं ते आपोआप लहान करणं बंद करून तिन्ही मापं गिम्पमधून ४:४:४ मध्ये काढून चढवली. नवीन फोटो टाकणाऱ्याने हीच तीन मापं द्यायची: ४८०, ९६० आणि १६०० पिक्सेल रुंद, दर्जा ८५, एसआरजीबी प्रोफाइल आत.